पहिले वीस मीटर

गाडी उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरला किती सेकंदांत जाते, हा विषय निघाला की लोक लगेच इंजिनावर येतात. हॉर्सपॉवर किती, टर्बो कुठला, एक्झॉस्ट बदललास का. ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारपुरतं मी आता खात्रीनं सांगतो, इंजिनाचा नंबर नंतर लागतो. आधी येतात मागचे दोन टायर आणि त्यांच्याखालची जमीन. शर्यतीचा निम्म्याहून जास्त निकाल पहिल्या वीस मीटरांत लागलेला असतो.

गाडी माझी नव्हे, दादाची. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, निपाणीत तंबाखूचा व्यापार करतो. त्यानं पुण्याहून जुनी बीएमडब्ल्यू घेतली, झेड-फोर एम४०आय. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), ताकद फक्त मागच्या चाकांना, गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. कंपनी म्हणते शून्य ते शंभर ४.५ सेकंद. दादाच्या पायाखाली मात्र ती साडेपाचच्या खाली यायला तयार नव्हती आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. माझं बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचं वर्कशॉप आहे. "तुला तेलाचं सगळं कळतंय, हे पण तेलावरच चालतंय न्हवं? मग बघ की जरा," एवढं म्हणून त्यानं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

पहिला प्रश्न जागेचा. हायवेवर हे करायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९: सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची चाचणी घेणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या रस्त्यांवर काय काय येतं ते आपल्याला माहीत आहे. वंटमुरीच्या उतारावर रात्री दिवे नसलेली ट्रॉली ज्यानं एकदा पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. हत्तरगी टोलनाक्यातून सुटताना पोरं गाड्या ताणतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

मार्ग निघाला तो साखर कारखान्यामुळं. चिकोडीकडच्या एका कारखान्याच्या संचालकांशी दादाचा घरोबा. गळीत हंगाम आटोपला की ऊसगाड्यांचं यार्ड रिकामं पडतं. वजनकाट्यापासून ऊस टाकायच्या गव्हाणीकडं जाणारा सिमेंटचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळं आवार, फाटकाला कुलूप आणि राखणीला एक वॉचमन मामा. शून्य ते शंभरला अशा गाडीला सत्तर मीटरच्या आत-बाहेर लागतात, शंभरवरून थांबायला साधारण चाळीस. आमच्याकडं याच्या तिपटीहून जास्त लांबी होती. तरी मी शेवटच्या टप्प्यात दोन ड्रम आडवे ठेवले आणि दादाला सांगितलं, पहिला ड्रम दिसेपर्यंत शंभर झालं नाही तर फेरी सोडून द्यायची.

वेळ मोजायला आम्ही ड्रॅगी वापरला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, जीपीएसवर चालतो, आकडा मोबाइलवर येतो. त्यात एक सोय आहे, ती समजून घ्या. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होतं, म्हणून ॲपमध्येही तो एक फूट सोडून मोजायचा पर्याय असतो. तो चालू ठेवला की वेळ सेकंदाच्या पाव भागानं आपोआप कमी दिसते. बढाया मारणाऱ्यांचे बरेच आकडे तिथून येतात. आम्ही तो बंद ठेवला, कारण आम्हाला नेमका तो पहिला फूटच तपासायचा होता. रस्ता उताराचा असला तरी ड्रॅगी सांगतो. आमच्या रस्त्याला गव्हाणीच्या दिशेनं अगदी किंचित चढ निघाला, ते एका अर्थी बरंच झालं.

आता हिशोब. हा हिशोब मी वर्कशॉपच्या चलनाच्या पाठीमागं केला आणि दादाला दाखवला, कारण त्याशिवाय त्याचा पाय हलका होणार नव्हता. पहिला गिअर टॉर्क साधारण सव्वापाच पटीनं वाढवतो, पुढं डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांमधली गिअरपेटी, सव्वातीन पटीच्या जरा आत. ५०० न्यूटन-मीटर यांतून गुणत गेलं की मागच्या चाकांपाशी आठ हजारांच्या वर जातात. चाकाची त्रिज्या ३३-३४ सेंटिमीटर. म्हणजे जमिनीपाशी ढकल येते जवळपास अडीच हजार किलोची. आणि टायर किती पेलणार? माणसासकट गाडी सव्वासोळाशे-साडेसोळाशे किलो, निम्मं वजन मागं. सुटताना वजन मागं सरकतं, तेव्हा मागच्या चाकांवर हजार-अकराशे किलो येतं. चांगला कोरडा रस्ता आणि चांगला टायर धरला, तरी ढकलही तेवढीच पेलते, हजार-अकराशे. बाकीची ताकद धूर होऊन जाणार. पहिल्या गिअरमध्ये इंजिन देऊ शकतं त्याच्या निम्म्यालाही टायर पुरत नाहीत.

दुसरी बाजू वेळेची. टायर पूर्ण पकडून गाडी सुटली, तरी पहिले वीस मीटर सुमारे अडीच सेकंद खातात. उरलेले पन्नास मीटर दोन सेकंदांत जातात. पन्नासच्या आसपास दुसरा गिअर पडतो, पंचाहत्तर-ऐंशीला तिसरा, आणि ते सगळं गिअरबॉक्स माणसापेक्षा चांगलं करतो. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढून हातानं गिअर टाकण्यात काही मिळत नाही. म्हणजे माणसाच्या हातात काही असेल तर ते या पहिल्या वीस मीटरांत. दादानं चलन दोनदा उलटसुलट करून बघितलं. "म्हंजे मी नुसतं टायर जाळालोय," तो म्हणाला.

म्हणून आम्ही पहिली सकाळ गाडी न पळवता घालवली. रस्ता झाडला. ऊसगाड्यांच्या रस्त्यावर पाचटाचे तुकडे सिमेंटच्या खाचांत बसलेले असतात, वरून बगॅसची, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या भुश्याची, बारीक धूळ, आणि काट्याजवळ कुठं तरी मळी सांडून वाळलेली. मळीवर उन्हात चप्पल चिकटते, म्हणून टायरलाही चांगली असेल असं वाटतं. तसं नाही. टायर तिचा थर उचलतो आणि पुढं त्या थरावरूनच घसरतो. मामांनी दोन बायका आणि खराटे दिले, आम्ही पाणी मारून काट्याजवळचा तो भाग घासला आणि वाळू दिला.

रस्ता धुतल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. वर्षानुवर्षं टायरगाड्या आणि ट्रॅक्टर एकाच चाकोरीतून गेल्यानं तिथलं सिमेंट गुळगुळीत झालं होतं, फरशीसारखं चकाकत होतं. त्या दोन पट्ट्यांच्या मधे मात्र मूळची खरखरीत रेघ शिल्लक होती, ओल्या सिमेंटवर झाडू फिरवून काढतात तशी. बोटानं चाचपलं तरी फरक कळत होता. गाडी रस्त्याच्या बरोबर मध्यावर उभी केली तर मागचं डावं चाक नेमकं चकाकीवर येत होतं. आम्ही खडूनं रेघ मारली, गाडी हातभर उजवीकडं घेतली. नुसत्या त्या हातभर सरकण्यानं ड्रॅगीवर जो फरक पडला, तो नंतरच्या कुठल्याही युक्तीनं पडला नाही.

टायरमधली हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणं, गाडी थंड असताना भरली. पळवल्यावर टायर तापतो, दाब तीन-चार पीएसआयनं चढतो आणि टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा आखडतो. मागच्या टायरांतला तो वाढीव दाब आम्ही काढून टाकायचो. त्याहून कमी केला नाही, आणि घरी निघताना पंपानं पुन्हा पूर्ववत भरला. कमी हवेवर हायवेला लागायचं नाही, यात तडजोड नाही.

मग गिअरबॉक्स. इथं मला खरा रस होता. आमचं उद्यमबागेतलं काम दाबाचं: थोडं तेल, प्रचंड दाब, सिलिंडरचा दांडा सावकाश बाहेर. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल दाबानं नाही, वेगानं काम करतं. एका बाजूला इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो, समोरचा पंखा ते झेलून गिअरबॉक्स फिरवतो, मधला तिसरा पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा बदलतो. हर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं जहाजांसाठी ही कल्पना काढली, पेटंट १९०५ चं. समोरचा पंखा थांबलेला आणि इंजिनाकडचा फिरतोय, अशा वेळी हे यंत्र टॉर्क वाढवून देतं, सुमारे दुपटीपर्यंत. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिला की नेमकी हीच स्थिती येते. टर्बोलाही भार मिळतो आणि तो आधीच भरतो. खरं त्या वेळी इंजिनाची सगळी मेहनत तेलाची उष्णता होऊन बसते. चाक तर हलतच नाही, मग ती ऊर्जा जाणार कुठं? म्हणून ब्रेकवर गाडी ताणून धरायची ती दोन-तीन सेकंद. त्याहून जास्त धरणं म्हणजे तेल तळणं.

या गाडीत लाँच कंट्रोल, म्हणजे उभी गाडी जोरात सोडायची सोय, आहे आणि त्याची रीत कंपनीच्या पुस्तकात दिलेली आहे. इंजिन पूर्ण तापलेलं पाहिजे, सलग दहा किलोमीटर तरी चाललेलं. रनिंग-इनच्या, म्हणजे नव्या गाडीच्या सुरुवातीच्या, काळात वापरायचं नाही. स्टिअरिंग सरळ. डीएससीच्या (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) बटणानं ट्रॅक्शन मोड, म्हणजे चाकं थोडी जास्त घसरू देणारा, गिअर एस (स्पोर्ट) मध्ये. डाव्या पायानं ब्रेक घट्ट, मग उजव्या पायानं ॲक्सिलरेटर तळापर्यंत, शेवटची ती टकटक जाणवते तिच्याही पलीकडं. समोर झेंड्याची खूण येते, इंजिन एका ठरावीक आरपीएमवर थांबतं. तीन सेकंदांच्या आत ब्रेक सोडायचा. आणि एकदा झालं की पुन्हा करण्याआधी गिअरबॉक्सला पाच मिनिटं थंड होऊ द्यायचं.

वाचायला सोपं आहे. अडतं ते डाव्या पायापाशी. आपल्याकडं सगळ्यांचा डावा पाय क्लचवर वाढलेला. त्याला दाबायचं आणि सोडायचं एवढंच माहीत, आणि सोडायचं ते हळूहळू. दादा ब्रेक क्लचसारखा सोडायचा. त्यामुळं मागचे ब्रेक अर्धे धरलेले, गाडी पुढं ओढते, पॅड घासतात, तेवढ्यात ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतो, आणि दहा मीटर गेल्यावर गाडीला जाग येते. लाँच कंट्रोलमध्ये ब्रेक एका झटक्यात सोडायचा असतो, ताकद किती द्यायची ते गाडी बघते. मी त्याला पाय वर उचलायला नाही, डावीकडं फूटरेस्टवर सरकवायला सांगितलं. टाच जमिनीला टेकलेली, चवडा पेडलवरून बाजूला निसटू द्यायचा. बंद गाडीत बसून तो हेच करत राहिला, पाय आपोआप जाईपर्यंत. त्या दिवशी इंजिन सुरूच केलं नाही.

मामा हे सगळं काट्याच्या ओट्यावर बसून बघत असत. तरुणपणी त्यांनी शर्यतीचे बैल सांभाळलेले. पहिल्यांदा गाडी ब्रेकवर गुरगुरून मागं बसली तेव्हा धावत आले, "सायब, मोडंल की हो ती!" मी त्यांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "व्हय व्हय, आलं ध्यानात. जू आधी खांद्याला टेकाय पायजे. ढिल्या जुवावर हाळी दिली तर बैल उसळी मारत्यात आणि गाडा तिथंच." याहून नेमकं मी सांगू शकलो नसतो. ताकद मागं नेणारा प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअलचे दात, सस्पेन्शनची रबरं, या सगळ्यांत थोडी थोडी ढिलाई असते. ब्रेकवर ताण घेतला की ती आधीच निघून जाते. मग ब्रेक सुटल्यावर झटका टायरला बसत नाही, ढकल बसते. टायर झटक्याला सुटतो, ढकल पेलतो.

फेरी कशी झाली ते आकडा बघण्याआधी जमिनीवर वाचता यायला लागलं. वाईट फेरीनंतर दोन काळेभोर पट्टे, लांब, कडेला रबराचे बारीक गोळे. चांगल्या फेरीनंतर फिकट राखाडी, तुटक तुटक खुणा, तीन-चार मीटरांत संपलेल्या. खुणा अजिबात नसल्या तर तीही चांगली फेरी नाही. टायर थोडा घसरत असतानाच जास्तीत जास्त पकडतो, दहा-पंधरा टक्के. कानालाही कळतं. किंचाळी आली की वेळ गेली. हलकी चुर्र अशी ओढ आली, आणि मान मागं जाऊन तिथंच टेकून राहिली, की फेरी साधली.

वेळ कुठली धरावी यावर दादाचं आणि माझं जुंपलं. तो म्हणे पहाटे. हवा थंड, इंजिनाला चांगली. बेळगाव भाग समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवा मुळात विरळ, त्यात उन्हाळा, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खरं विरळ हवेची भरपाई टर्बो करून घेतो, आणि पहिल्या वीस मीटरांत इंजिनाची ताकद आधीच दुप्पट उरलेली आहे. तिथं कमी पडते ती पकड. उन्हाळी स्पोर्ट्स टायरचं रबर थंड सिमेंटवर कडक राहतं. दुपारी मात्र इंजिनात जाणारी हवाच इतकी तापते की नंतरच्या पन्नास मीटरांत गाडी मंदावते. सकाळी नऊ-साडेनऊ ही वेळ आम्हाला मानवली. ऊन रस्त्यावर उतरलेलं, हवा अजून तापलेली नाही.

दादाचा सुरुवातीचा चांगला आकडा ५.४ होता. रस्ता झाडून, गाडी हातभर सरकवून ५ च्या जवळ आला. डावा पाय वळणावर आल्यावर ४.८, ४.७. शेवटी एका सकाळी ४.६ आला, एक फूट न सोडता, चढावर, जुन्या टायरांवर. दादा गाडीतून उतरला, मोबाइल मामांच्या हातात दिला आणि काहीच बोलेना. मामांना आकडा कळला नाही, त्यांनी पाठीवर थाप मारली.

लाँच कंट्रोल नसलेल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हीच गोष्ट हातानं करता येते, आणि आम्ही तीही करून बघितली. ब्रेक घट्ट, ॲक्सिलरेटर हलका, आरपीएम अठराशे-दोन हजार, सेकंद-दीड सेकंद. मग ब्रेक सोडायचा आणि ॲक्सिलरेटर एकदम नाही, चढत्या हातानं द्यायचा, दुसरा गिअर पडेपर्यंत. यात लाँच कंट्रोलपेक्षा दोन-तीन दशांश जास्त लागतात. मला मात्र हीच रीत जास्त आवडली. मागच्या टायरांना काय होतंय ते पायाला सरळ कळतं.

ड्युअल क्लचच्या गाडीत हे असं करू नका. पोर्शेचा पीडीके, फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी यांत तेलाचा पंखा नाही, क्लचच्या चकत्या आहेत. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले तर एकतर कॉम्प्युटर ताकद कापतो, नाहीतर चकत्या घासतात. त्या गाड्यांत कंपनीनं लाँच कंट्रोल दिलं असेल तर पुस्तकातल्या रीतीनं तेवढंच वापरायचं. आणि छोट्या गाड्यांतला एएमटी (क्लच आपोआप दाबणारा साधा गिअरबॉक्स) किंवा सीव्हीटी (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा) यांच्यावर असले प्रयोग करणं म्हणजे चालती गाडी बिघडवणं.

खर्चाचं बोलायचं तर मागचे टायर झिजले, जेवढे नेहमी वर्षभरात झिजतात त्याहून दिसण्याइतके जास्त. पेट्रोल आम्ही ९५ ऑक्टेनचंच भरलं. गिअरबॉक्सचं तेल हा माझा प्रांत, म्हणून त्यावर मी अडून बसलो. बीएमडब्ल्यू हे तेल आयुष्यभराचं धरते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र चालवण्यानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला असं सांगते. एवढा ताप झालेलं तेल तोवरही ठेवायचं नाही असं मी दादाला सांगितलं. या गिअरबॉक्समध्ये पॅन आणि फिल्टर एकच प्लास्टिकचा भाग असतो, तोही सोबत बदलायचा, आणि तेलाची पातळी ठरावीक तापमानाला मोजायची असते, अंदाजानं ओतून चालत नाही. पावसाळ्याआधी हे उरकून घ्यायचं ठरलंय. पॅन आणि तेल मागवलेलं आहे.